सहा रविवार, सहा कागद : दांडिया बाजारातल्या एका अभ्यासवर्गाविषयी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर गेल्या पावसाळ्यात सहा रविवार एक अभ्यासवर्ग भरला. विषय होता अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा मताधिकार आणि ते मत पेटीपर्यंत पोहोचू नये म्हणून दीडशे वर्षे पसरवल्या गेलेल्या खोट्या गोष्टी. शुल्क सातशे रुपये, त्यात छापील टिपणे आणि मधल्या सुट्टीतला चहा आला. राज्यशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका असलेल्या बाई संपूर्ण वर्ग मराठीतून घेतात. पुढचा वर्ग दिवाळीनंतर सुरू होणार असल्यामुळे नाव घालावे की नाही असे मला अनेकांनी विचारले, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

मी का गेलो तेही सांगायला हवे. माझी मुलगी आणि जावई अॅटलांटाजवळ राहतात. २०२०च्या डिसेंबरात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक चित्रफीत आली होती. अॅटलांटाच्या मतमोजणी केंद्रात टेबलाखालून मतपत्रिकांनी भरलेल्या सुटकेसी बाहेर काढल्या जात आहेत आणि तिथे काम करणाऱ्या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया, मायलेकी, एकमेकींच्या हातात काहीतरी सरकवत आहेत, असे तीत दाखवले आहे असा दावा होता. मी ती खरी मानली आणि पुढे अकरा जणांना पाठवली. त्या सुटकेसी म्हणजे मतपत्रिका ठेवण्याचे नेहमीचे डबे होते. जॉर्जिया राज्याच्या निवडणूक मंडळाने २०२३च्या जूनमध्ये चौकशी बंद करताना ते आरोप निराधार ठरवले आणि त्याच वर्षी डिसेंबरात ज्यूरीने, हे आरोप पसरवणारे ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांना या मायलेकींना १४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितले. हातातून हातात गेलेली ती वस्तू आल्याच्या स्वादाची पुदिन्याची गोळी होती. मी पाठवलेल्या अकरा जणांपैकी एकालाही मी नंतर हे कळवले नव्हते आणि ती बोचणी घेऊनच मी पहिल्या रविवारी त्या वाड्याचा जिना चढलो.

बाईंची पद्धत अशी की दर रविवारी एकच कागद मध्यभागी ठेवायचा आणि दोन तास त्या कागदाभोवतीच बोलायचे. पहिल्या रविवारी प्रत्येकाच्या पुढ्यात एक पालथा कागद ठेवला गेला आणि बाईंनी घरून आणलेल्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाला दहा मिनिटांची किल्ली दिली. लुइझियानात १९६४च्या सुमारास मतदार नोंदणीसाठी वापरलेल्या साक्षरता चाचणीचा तो मराठी अवतार होता. दहा मिनिटांत तीस प्रश्न, आणि एक उत्तर चुकले की नापास. पहिलाच प्रश्न असा की या वाक्याच्या क्रमांकाभोवती रेषा काढा. आता भोवती काढायची म्हणजे वर्तुळ चालेल की सरळ रेषाच हवी, हे कुठेही लिहिलेले नाही. माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढलेले. नवव्या प्रश्नापाशी त्यांनी पेन खाली ठेवले. वेळ संपल्यावर बाईंनी सगळे कागद गोळा केले, वाचले नाहीत, आणि बावीसच्या बावीस जण नापास असल्याचे सांगितले.

"बाई, कारण तरी सांगा," ते गृहस्थ म्हणाले.

"काका, कारण सांगायचे बंधन नोंदणी अधिकाऱ्यावर नव्हतेच," बाई म्हणाल्या.

हाच कागद अमेरिकेच्या दक्षिणेत सगळीकडे आणि सतत वापरात होता असे समजू नका, हे त्यांनी लगेच बजावले. चाचण्यांचे प्रकार राज्यागणिक वेगळे होते आणि कोणाला कोणती चाचणी द्यायची, कोणाची तपासायची आणि कोणाची नुसती ठेवून घ्यायची, हे टेबलामागच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. हा खुलासा न करताही तासाची रंगत कायम राहिली असती, तरीही त्यांनी तो केला. बाईंवर माझा विश्वास बसला तो तिथे.

त्यानंतर त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. लुइझियानात १८९६ साली नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते आणि १९०४ साली १,३४२ उरले. वंशामुळे मताधिकार नाकारता येणार नाही असे सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७०पासून लागू होती आणि ती रद्द झालेली नव्हती. १८९८च्या राज्यघटनेने तिच्या कडेने वाट काढली. साक्षरता किंवा मालमत्ता यांची अट सर्वांना लावली आणि १ जानेवारी १८६७पूर्वी ज्याला मताधिकार होता त्याच्या मुला-नातवांना तीतून सूट दिली. त्या तारखेपूर्वी कृष्णवर्णीयांना मत नव्हतेच, त्यामुळे कायद्यात वर्णाचा शब्दही न घालता वर्णाचे काम उरकले गेले. या तरतुदीला तिकडे 'आजोबा-कलम' म्हणतात.

दुसरा रविवार मला सहांपैकी सर्वांत मोलाचा वाटला. अपप्रचार हे मोबाइलच्या काळातले दुखणे आहे अशी माझी समजूत होती, ती त्या दिवशी गेली. कागद होता नॉर्थ कॅरोलिनातल्या 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने १८९८च्या सप्टेंबरात छापलेल्या एका व्यंगचित्राची प्रत. वटवाघळासारखे पंख असलेला प्रचंड कृष्णवर्णीय राक्षस, पंखांवर 'निग्रो राजवट' अशी अक्षरे, पाय मतपेटीवर आणि नखे असलेल्या हातांत सापडलेली गोरी माणसे. वाचता न येणाऱ्यालाही कळावे अशी ती योजना होती. विल्मिंग्टन हे त्या वेळी कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेले बंदर होते. नगरपालिकेत, पोलिसांत, व्यापारात कृष्णवर्णीय माणसे होती आणि त्यांनी गोऱ्या शेतकऱ्यांच्या पक्षाशी हातमिळवणी करून राज्यातली सत्ता मिळवली होती. त्या राक्षसाच्या चित्राने भीती घातली ती या हातमिळवणीतल्या गोऱ्या भागीदारांना. मतदान ८ नोव्हेंबरला झाले. दोन दिवसांनी सशस्त्र जमावाने अलेक्झांडर मॅनली यांचे कृष्णवर्णीयांचे दैनिक जाळले, माणसे मारली आणि महापौरासह नगरसेवकांना बंदुकीच्या धाकाने राजीनामे द्यायला लावले. निवडून आलेले शहर-सरकार अमेरिकेच्या भूमीवर असे उलथवले गेले आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. त्या वृत्तपत्राचे संपादक जोसेफस डॅनियल्स पुढे देशाचे नौदलमंत्री झाले. वृत्तपत्राने आपल्या वाट्याची माफी मागितली ती २००६ साली.

त्याच राज्याचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी जॉर्ज हेन्री व्हाइट १९०१ साली काँग्रेसमधून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतून, बाहेर पडले आणि पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे त्या सभागृहात एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. १९२९ साली ऑस्कर डी प्रीस्ट आले, तेही उत्तरेतल्या शिकागोतून. दक्षिणेतून पुन्हा कोणी येण्यासाठी १९७३ उजाडावे लागले, बार्बरा जॉर्डन आणि अँड्र्यू यंग यांच्या रूपाने. बाईंनी हे सगळे शेवटच्या दहा मिनिटांत घाईघाईने सांगितले. माझ्या मते व्हाइट यांच्यासाठी निदान अर्धा तास हवा होता, कारण एक व्यंगचित्र किती काळ पुरते हे त्यातूनच समजते.

तिसऱ्या रविवारी १९६५चा मताधिकार कायदा होता. विषय मोठा असला तरी हे सत्र मला काहीसे पाठ्यपुस्तकी वाटले. फॅनी लू हेमर ३१ ऑगस्ट १९६२ रोजी सतरा जणांसोबत बसने इंडियनोलाच्या कचेरीत नाव नोंदवायला गेल्या, त्यांना मिसिसिपीच्या घटनेतले एक अवघड कलम समजावून सांगायला लावले गेले आणि परत आल्यावर ज्या मळ्यावर त्या अठरा वर्षे राबत होत्या तिथून त्याच रात्री बाहेर काढले गेले, एवढा भाग मात्र वर्गाने श्वास रोखून ऐकला. आकडा एकच सांगतो. मिसिसिपीत पात्र कृष्णवर्णीयांपैकी नोंदलेले मतदार कायद्यापूर्वी ६.७ टक्के होते, १९६७मध्ये ५९.८ टक्के झाले.

याच सत्रात बाई क्षणभर बडोद्यावर आल्या. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी परतले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि कमाटीबागेत एका झाडाखाली बसण्याची वेळ आली, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती आणि ड्यू बॉइस यांनी आनंदाने उत्तर दिले होते, हे मला नवीन होते. ज्या गावातून त्यांना हाकलले गेले त्याच गावात, त्यांच्या पत्रातल्या विषयावर आपण पैसे भरून बसलो आहोत, या जाणिवेने मी त्या दिवशी कमाटीबागेवरून वळसा घालून घरी गेलो.

चौथा रविवार गणपतीत आला. शेजारच्या मंडळाच्या आरतीमुळे पहिली वीस मिनिटे काहीही ऐकू आले नाही आणि ध्वनिक्षेपकाची सोय नसल्याने मागच्या रांगेतले लोक ताटकळले. पण कागद समोर होते आणि या वेळी एक नव्हे, तीन होते. पहिला २००४ साली मिलवॉकीच्या कृष्णवर्णीय वस्तीत वाटलेल्या पत्रकाचा मजकूर. 'मिलवॉकी ब्लॅक व्होटर्स लीग' या नावाने त्यात लिहिले होते की यंदा आधी कुठल्याही निवडणुकीत मत दिले असेल तर अध्यक्षपदासाठी देता येत नाही, घरातले कोणीही कधी कशातही दोषी ठरले असेल तर मत देता येत नाही, आणि नियम मोडला तर दहा वर्षांची कैद होईल आणि मुले काढून घेतली जातील. यातली एकही गोष्ट खरी नव्हती. दुसरा कागद २०१०च्या मेरीलँडमधला. मतदान संपण्याच्या काही तास आधी बाल्टिमोर आणि प्रिन्स जॉर्जेस काउंटीतल्या मुख्यतः कृष्णवर्णीय मतदारांना सुमारे १,१२,००० ध्वनिमुद्रित फोन गेले. आपला उमेदवार जिंकल्यात जमा आहे, निवांत राहा, असा निरोप होता. प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या प्रचाराचे सूत्रधार यात दोषी ठरले.

तिसरा कागद २६ ऑगस्ट २०२०च्या फोनचा. डेट्रॉइटसह अनेक शहरांत सुमारे ८५,००० फोन गेले. तमिका टेलर असे नाव सांगणारी एक स्त्री नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेतर्फे बोलत असल्याचे सांगून आपुलकीने सावध करते की टपालाने मत दिलेत तर तुमची माहिती पोलीस जुन्या वॉरंटांसाठी, क्रेडिट कार्डवाले थकबाकीसाठी आणि आरोग्य खाते सक्तीच्या लसीसाठी वापरेल. बाईंनी हा मजकूर मराठीत वाचून दाखवला आणि कोणत्या वाक्याला तुम्ही घाबरला असतात असे विचारले. बरीच शांतता पसरली. मग एक शिक्षिका म्हणाल्या, "बाई, थकबाकीच्या. माझ्या भावाला असे फोन येतात."

मला या वर्गाने जे दिले त्याचा गाभा इथे आहे. या तिन्ही कागदांत आवाज परक्याचा नाही. पत्रक काढणारी संस्था आपल्याच लोकांची, फोनवरची बाई आपल्याच नावाची, काळजीही आपल्याच घरातली. शिवाय लावलेले विरजण खोटे असले तरी दूध खरे असते. किरकोळ कारणांवरून वॉरंट निघणे खरे, कर्जवसुलीचा जाच खरा, आणि सरकारी आरोग्य खात्याविषयीचा संशय तर अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवले गेले त्या प्रयोगातून आलेला. आणि मागणी किती छोटी! अमक्याला मत द्या असे कुठेच म्हटलेले नाही, फक्त घरी बसा. जिथे गठ्ठ्याने पडणारी मते निकाल फिरवू शकतात तिथे मन वळवण्यापेक्षा माणसाला घरी बसवणे स्वस्त पडते. त्या फोनचे सूत्रधार जेकब वोल आणि जॅक बर्कमन यांनी ओहायोत गुन्हा कबूल केला, तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना पाचशे तास लोकांची मतदार नोंदणी करून देण्याची शिक्षा दिली. शिवाय दूरसंचार आयोगाने २०२३ साली ५१ लाख डॉलरहून अधिक दंड ठोठावला.

पाचव्या रविवारी २०१६ची अध्यक्षीय निवडणूक होती आणि त्या दिवशी वर्गात खरा वाद झाला. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या 'इंटरनेट रिसर्च एजन्सी' या संस्थेने समाजमाध्यमांवर 'ब्लॅक्टिव्हिस्ट' यासारखी पाने चालवली. पोलिसांच्या अत्याचारांच्या खऱ्या चित्रफिती दाखवून लोक जमवले आणि मतदान जवळ आल्यावर मत न देण्याची किंवा वाया घालवण्याची भाषा सुरू केली. या संस्थेच्या माणसांनी अमेरिकेतल्या कुठल्याही समूहाला कृष्णवर्णीयांइतके लक्ष्य केले नाही, असा निष्कर्ष सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने २०१९ साली काढला. कृष्णवर्णीयांचे मतदान २०१२मध्ये ६६.६ टक्के होते, ते २०१६मध्ये ५९.६ टक्क्यांवर आले. विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने लगेच दोन टोके जोडली. बाईंनी ती जोडू दिली नाहीत. ओबामा उमेदवार नव्हते. २०१३च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी १९६५च्या कायद्यातला पूर्वपरवानगीचा, म्हणजे काही राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेण्याच्या अटीचा, आधार काढून घेतला होता आणि त्याच दिवशी टेक्साससारख्या राज्याने ओळखपत्राचा कडक नियम लागू करण्याची घोषणा केली होती. यातल्या कशाचा वाटा किती हे वेगळे काढून दाखवता येत नाही, आणि सगळे खापर रशियावर फोडले की घरातल्यांनी केलेले कायदे सुटून जातात, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यार्थ्याला ते पटले नाही. मला पटले.

याच सत्रात २०१६चे एक चित्र होते. कृष्णवर्णीय स्त्री, हातात हिलरी क्लिंटन यांच्या समर्थनाचा फलक, आणि रांग टाळा, घरूनच या क्रमांकावर संदेश पाठवून मत द्या, अशी सूचना. निदान ४,९०० क्रमांकांवरून तसे संदेश गेले. अमेरिकेत संदेशाने मत देता येत नाही. चित्र पसरवणारे डग्लस मॅकी २०२३ साली दोषी ठरले, पण २०२५च्या जुलैमध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण मतदारांचा हक्क हिरावण्याच्या कटात ते जाणूनबुजून सामील झाल्याचा पुरेसा पुरावा नव्हता असे न्यायालयाचे मत पडले. छापील टिपणांत २०२३पर्यंतचीच हकिकत आहे. ही दुरुस्ती बाईंनी तोंडी सांगितली. खोट्या माहितीवरच्या वर्गाची टिपणे तरी अद्ययावत असायला हवीत आणि पुढच्या वर्गापूर्वी ती नव्याने छापावीत अशी माझी आग्रहाची सूचना आहे. नाहीतर त्या दिवशी रजेवर असलेला माणूस अर्धी गोष्ट घरी घेऊन जाईल.

माझी खरी तक्रार सहाव्या रविवारची आहे. पाच रविवार आम्ही कृष्णवर्णीय मतदाराला कोणी आणि कसे फसवले ते पाहिले. तो स्वतः काय करत आला, यासाठी शेवटचे एक सत्र राखले होते आणि त्यातलाही पाऊण तास प्रशस्तिपत्रे आणि आभारात गेला. उरलेल्या वेळात बाईंनी जे सांगितले ते इतके भरीव होते की हळहळ वाटली. रविवारची प्रार्थना संपल्यावर चर्चमधूनच बस भरून लोकांना मुदतपूर्व मतदानाला नेण्याची प्रथा आहे. केशकर्तनालयात आणि ब्युटी पार्लरमध्ये नोंदणीचे अर्ज ठेवले जातात. स्टेसी अब्रॅम्स २०१८ साली जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक थोडक्यात हरल्या, पण त्यांनी आणि तिथल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांनी वर्षानुवर्षे दारोदार जाऊन नावे नोंदवली. ५ जानेवारी २०२१ला झालेल्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत जॉर्जियाने राफाएल वॉर्नॉक यांच्या रूपाने आपला पहिला कृष्णवर्णीय सिनेटर निवडला. तोवर त्या मायलेकींची खोटी चित्रफीत महिनाभर देशभर फिरत होती, आणि तरीही त्याच राज्यात लोक रांगेत उभे राहिले. ते कसे जमले, याचे उत्तर मला हवे होते. फोनवरच्या तमिका टेलरपेक्षा दारात उभी असलेली ओळखीची बाई जास्त खरी का वाटते, यावर दोन तास बोलण्यासारखे आहे. नुसता बळी म्हणून ज्याची ओळख होते त्याच्या सत्तेची ओळख अर्धीच राहते, असे मी बाईंना स्पष्ट सांगितले. त्यांनी वहीत नोंद केली आणि पुढच्या खेपेला सातवा रविवार वाढवण्याचा विचार असल्याचे सांगितले. तसे झाले तर शुल्क शंभर रुपयांनी वाढले तरी माझी हरकत नाही.

सोयींविषयी थोडक्यात. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी कोणाला तरी सोबत घ्यावे. खिडकीकडच्या खुर्च्यांना वारा मिळतो, फळाही नीट दिसतो. व्यंगचित्रांच्या झेरॉक्स प्रती काळवंडलेल्या होत्या, मूळ चित्र बाईंच्या लॅपटॉपवर जाऊन पाहावे लागले. चहा चांगला असतो. इंग्रजी न येणाऱ्याचे काहीही अडत नाही.

वर्ग संपल्यानंतरच्या आठवड्यात मी त्या अकरा जणांना एकेक करून फोन केले. तिघांना ती चित्रफीत आठवतही नव्हती. एका मावसभावाने ती पुढे त्याच्या सोसायटीच्या गटावर टाकली होती. त्याला मी पुदिन्याच्या गोळीची हकिकत सांगितली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "दादा, दिवाळीनंतरच्या वर्गात माझे नाव घाल."